वर ओलावा, खाली हवा: घरात लावलेल्या काड्यांना मुळं कशी फुटतात

प्रश्न असा आहे: जास्वंद, गुलाब आणि रबर प्लांटच्या काड्या कुंडीत मातीत लावून खिडकीशी ठेवल्या. मुळं फुटण्यासाठीची हार्मोन पावडर लावली, माती कधीही सुकू दिली नाही. दोन-तीन आठवडे काड्या हिरव्या राहिल्या, गुलाबाला तर पालवीही फुटली. मग सगळ्या बुडापासून काळ्या पडून गेल्या. मनीप्लांट मात्र बाटलीतल्या पाण्यात सहज रुजतो. चुकतंय कुठे?

उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे: ‘माती कधीही सुकू दिली नाही.’ काड्या तिथेच गेल्या. पण नुसतं ‘पाणी कमी घाला’ एवढं सांगून भागणार नाही, कारण पाणी कमी केलंत तर पुढच्या वेळी त्याच काड्या वरून सुकून जातील. म्हणून आधी काडीच्या आत काय चाललेलं असतं ते बघू.

फांदी झाडापासून तोडली की तिचा पाणीपुरवठा त्या क्षणी थांबतो. पानांना ते कळत नाही. ती बाष्प बाहेर सोडतच राहतात आणि कापलेल्या टोकातून वर चढणारं थोडंसं पाणी त्यांना पुरत नाही. म्हणजे वरच्या बाजूला तहान आहे. खालच्या बाजूची गरज वेगळी. तिथे आतल्या पेशींना नव्याने विभाजित होऊन मुळांचे अंकुर तयार करायचे असतात, आणि विभाजित होणारी पेशी भरपूर श्वास घेते. तिला प्राणवायू हवा. लिटरभर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. २५ अंश सेल्सियसच्या लिटरभर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम. शिवाय पाण्यातून प्राणवायू पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट कमी. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या असल्या की काडीचं बूड गुदमरतं, पेशी मरतात आणि पिथियमसारखी बुरशी त्या मेलेल्या भागातून वर सरकते. तुम्हाला दिसलेला काळेपणा तो हाच.

तेव्हा काडीला ओलावा हवा तो वर, पानांभोवतीच्या हवेत. आणि हवा हवी ती खाली, बुडाशी. घरात नेमकं उलट घडतं. पंख्याने आणि एसीने वरची हवा कोरडी होते, आणि आपण काळजीपोटी खाली पाणी ओतत राहतो. घरातली बहुतेक अपयशं मी या एकाच उलटापालटीत मोजतो.

मग मनीप्लांट पाण्यात कसा रुजतो? त्याच्या प्रत्येक पेरापाशी, म्हणजे पान फुटतं त्या गाठीपाशी, तपकिरी टोकासारखं एक हवाई मूळ आधीच तयार असतं. पाण्यात त्याला फक्त लांबायचं असतं. फिलोडेंड्रॉन आणि मॉन्स्टेराचंही तसंच. जास्वंद किंवा गुलाबाला मूळ शून्यातून घडवावं लागतं आणि त्याला चार ते आठ आठवडे सहज लागतात. एवढा काळ बुडाशी हवा आणि पानांशी ओलावा टिकवणं हीच सगळी कसरत आहे. मनीप्लांटवरून इतर झाडांचा अंदाज बांधू नका.

कोणती फांदी घ्यायची

यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण निम्मं यश कात्री लावण्याआधीच ठरलेलं असतं. फुलांनी लगडलेली फांदी घेऊ नका. तिची साठवण फुलांकडे वळलेली असते. दुसरी मिळतच नसेल तर कळ्या आणि फुलं सगळी खुडा. नुकतंच भरपूर नत्रखत मिळालेल्या झाडाच्या लुसलुशीत, लांबलचक फांद्याही टाळा. त्या दिसायला जोमदार असतात, पण त्यांच्यात पिष्टमय पदार्थांचा साठा कमी असतो, आणि मुळं फुटेपर्यंत काडीला त्याच साठ्यावर दिवस काढायचे असतात.

कोलियस, बेगोनिया, पुदिना यांची कोवळी शेंड्याची फांदी चालते. जास्वंद, गुलाब, क्रोटन यांना अर्धवट जून फांदी हवी: वाकवली तर आधी वाकते, मग तटकन मोडते आणि साल हिरवटच असते. पूर्ण तपकिरी, कडक फांदी घरातल्या परिस्थितीत फार हळू रुजते. झाडाचं वयही महत्त्वाचं असतं. आयव्हीची कोवळ्या अवस्थेतली, भिंतीवर चढणारी फांदी चटकन मुळं धरते. त्याच वेलीची फुलांवर आलेली प्रौढ फांदी महिनोन्महिने अडून बसते. म्हणून जुन्या झाडाची थोडी छाटणी करून आलेल्या नव्या धुमाऱ्यांतून काडी घेणं केव्हाही बरं.

आदल्या संध्याकाळी मूळ झाडाला पाणी द्या आणि सकाळी लवकर काडी कापा, तेव्हा पेशी पाण्याने टच्च भरलेल्या असतात. लांबी १० ते १५ सेंमी, त्यात निदान दोन-तीन पेरं. खालचा काप पेराच्या जेमतेम अर्धा सेंमी खाली घ्या, कारण बहुतेक झाडांत पेरापाशीच मुळं लवकर फुटतात. मधल्या कांड्याचा लांब तुकडा खाली राहिला तर तो आधी कुजतो. पातं धारदार असू द्या आणि ७० टक्के अल्कोहोलने पुसून घ्या. बोथट कात्रीने साल चिरडली जाते आणि चिरडलेल्या जागेत मुळांऐवजी बुरशी वाढते.

खालची पानं काढा, वर दोन ते चार ठेवा. पानं मोठी असतील तर अर्धी आडवी कापा. ‘पानंच नकोत, म्हणजे पाणी जाणार नाही’ असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. हिरव्या काड्यांच्या बाबतीत मला तो पटत नाही. पानं साखर तयार करतात आणि शेंड्याकडून, कोवळ्या पानांकडून ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली उतरतं. ते कापलेल्या टोकाशी साचतं तेव्हाच मुळांचे अंकुर घडायला लागतात. पानं पूर्ण काढली तर हा पुरवठाच तुटतो. ऑक्सिन वरून खाली एकाच दिशेने वाहतं, म्हणून काडीची दिशाही महत्त्वाची. उलटी रोवलेली काडी सहसा रुजत नाही. पानं काढलेल्या काडीचं वर-खाली ओळखता येत नसेल तर कापतानाच खालचा काप तिरका आणि वरचा सरळ घ्या.

माती नको

बागेतली माती किंवा तयार कुंडीमिश्रण काड्यांसाठी वापरू नका. त्यात पोकळ्या बारीक, बुरशी भरपूर, आणि खत असेल तर तेही नकोच. मुळं नसलेल्या काडीला खताचा उपयोग नाही, क्षारांचा त्रास मात्र होतो. मी निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मं पर्लाइट (ज्वालामुखी काचेचे फुगवलेले हलके पांढरे दाणे) घेतो. जास्वंद-गुलाबासाठी दोन भाग पर्लाइट आणि एक भाग कोकोपीट. पर्लाइट नसेल तर धुतलेली भरड वाळू चालते, बारीक वाळू नाही. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून दोनदा धुऊन घ्या. मिश्रण मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब टपकले तर ओल बरोबर. धार लागली तर जास्त.

कुंडीच्या उंचीबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून इथे सांगतो. पाणी निथळून गेल्यावरही कुंडीच्या तळाशी एक पूर्ण ओला थर उरतो. त्याची जाडी मिश्रणावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. त्यामुळे उथळ ट्रेमध्ये काडीचं बूड थेट त्या थरात जाऊन बसतं. निदान १० सेंमी खोल भांडं घ्या आणि काडी ४-५ सेंमीच आत जाऊ द्या, म्हणजे बुडाखाली जागा राहते. तळाला खडे घालून निचरा सुधारत नाही. ओला थर खड्यांच्या वर सरकतो, इतकंच. भांड्याला छिद्रं मात्र हवीतच.

काडी रोवण्याआधी पेन्सिलीने भोक पाडा. सरळ खुपसली तर साल सोलली जाते आणि लावलेली पावडर पुसली जाते. मग बाजूने हलकेच दाबा, एकदा पाणी द्या आणि पूर्ण निथळू द्या. झाकण असेल तर त्यानंतर आठ-दहा दिवस पाण्याची गरज सहसा पडत नाही. तुमच्याकडून इथे सर्वांत मोठा बदल मला हवा आहे. हात शिवशिवले तर पाणी घालण्याऐवजी कुंडी उचलून वजन बघा.

हार्मोन पावडर

१९३५ साली झिमरमन आणि विल्कॉक्सन या अमेरिकी संशोधकांनी इंडोल ब्युटिरिक अ‍ॅसिड, म्हणजे आयबीए हे ऑक्सिन, काड्यांना मुळं फोडायला मदत करतं हे दाखवलं. आजही बहुतेक पावडरींत तेच असतं. डब्यावरचं प्रमाण वाचा. कोवळ्या फांदीला ०.१ टक्का पुरे, अर्धवट जून फांदीला ०.३ टक्के, कठीण लाकडाला ०.८ टक्क्यांपर्यंत. जास्त लावलं की जास्त मुळं फुटतील हा समज काडीला महागात पडतो: जादा ऑक्सिनने बूड भाजल्यासारखं काळं पडतं आणि वरचे डोळेही, म्हणजे कोंब फुटायच्या जागाही, दबून राहतात. खालचा एक सेंमी भाग पावडरीत टेकवा, झटका, झालं. डब्यात थेट काडी बुडवू नका, थोडी पावडर कागदावर काढून घ्या. नाहीतर ओल आणि बुरशी डब्यात जाते. डबा थंड, अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवा. वर्षानुवर्षं उघडा पडलेला डबा टाकून द्या.

जून काडीच्या बुडाशी दीड सेंमी लांबीची सालीची बारीक पट्टी एका बाजूने सोलली तर पावडर आणि पाणी आत नीट पोचतं. जास्वंदाला याचा चांगला फायदा होतो. मनीप्लांट, कोलियस, पुदिना यांना पावडरीची गरजच नाही. दालचिनी, मध, कोरफड यांच्याबद्दल मला नेहमी विचारतात. दालचिनी बुरशीला थोडी आवर घालते, पण मुळं फोडत नाही. मधाने किंवा कोरफडीने अपाय होईल असं नाही, पण त्यांच्या भरवशावर गुलाब लावू नका.

आणि पावडर कितीही चांगली असली तरी गुदमरलेल्या बुडाला ती वाचवू शकत नाही. तुमच्या बाबतीत तेच झालं.

झाकण, उजेड, ऊब

वरचा ओलावा टिकवायला पारदर्शक पिशवी, बूड कापलेली प्लास्टिकची बाटली किंवा झाकणाचा पारदर्शक डबा, काहीही चालतं. पिशवी पानांना चिकटू नये म्हणून दोन काठ्या रोवा. चिकटलेलं ओलं पान आधी सडतं. आतल्या बाजूला बारीक धुकं दिसलं पाहिजे. थेंबांची धार वाहत असेल तर ओल जास्त झाली, झाकण थोडं उघडा. रोज काही मिनिटं हवा बदला आणि गळलेलं प्रत्येक पान त्याच दिवशी उचला. करडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस, गळलेल्या पानावरूनच पसरायला लागते. झाकलेल्या कुंडीवर दिवसातून चार वेळा फवारणी करायची गरज नाही.

उजेड भरपूर हवा, ऊन थेट नको. झाकणाखाली थेट ऊन पडलं की आतलं तापमान झपाट्याने चढतं आणि तासाभरात काड्या उकडून जातात. हात धरल्यावर कडा पुसट असलेली सावली पडते, तो उजेड योग्य. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेली काडी साठा संपवत बसते. खिडकी कमी पडत असेल तर साधा पांढरा एलईडी दिवा ३० सेंमी अंतरावर रोज १४ तास लावा. घरात मला हाच सगळ्यात भरवशाचा वाटतो, कारण तो ढगाळ दिवसावर अवलंबून नसतो.

ऊब मात्र बुडाशी हवी. मिश्रणाचं तापमान २२ ते २५ अंश असेल तर मुळं वेगाने घडतात. १५ अंशांच्या खाली काम जवळजवळ थांबतं, बुरशीचं मात्र थांबत नाही. गार फरशीवर किंवा दगडी कट्ट्यावर कुंडी ठेवली असेल तर खाली लाकडी फळी किंवा थर्माकोल टाका. थंड जागेत हीट मॅट, म्हणजे कुंडीखाली ठेवायची विजेवर तापणारी चटई, घेतली तर ती कामाला येते. एसीचा झोत काडीवर येऊ देऊ नका.

पालवीने फसू नका

गुलाबाला पालवी फुटली तेव्हा तुम्हाला वाटलं असेल, जमलं. डोळे उमलायला मुळं लागत नाहीत, काडीतला साठा पुरतो. उलट नवी पानं पाणी मागायला लागतात, पुरवायला खाली कोणी नसतं आणि काडी कोसळते. म्हणून पालवी दिसली की झाकण काढू नका आणि खत तर मुळीच देऊ नका. काडी उपटून बघण्याचा मोहही आवरा. सुरुवातीची मुळं केसाएवढी नाजूक असतात, एका उपटण्यात तुटतात. चार आठवड्यांनी काडी दोन बोटांत धरून अगदी हलकेच वर ओढा. विरोध जाणवला तर मुळं आहेत. पारदर्शक कपात लावली असेल तर ती बाहेरूनच दिसतात. तेव्हा कपाभोवती काळा कागद गुंडाळा आणि फक्त बघताना काढा, कारण मुळं अंधारात बरी वाढतात आणि शेवाळही धरत नाही.

बुडाशी पांढरी, खडबडीत गाठ दिसली तर ती कॅलस. ती जखम भरल्याची खूण आहे, मुळं नव्हेत, पण काडी जिवंत आहे हे नक्की. तिला तशीच राहू द्या.

काडी कशी मेली ते बघून कारण ओळखता येतं. बुडाकडून काळी, मऊ होत वर गेली तर पाणी जास्त, हवा कमी. शेंड्याकडून सुकत खाली आली तर झाकण अपुरं किंवा हवा कोरडी. पानं पिवळी होऊन गळली पण खोड हिरवं राहिलं तर उजेड कमी असण्याची शक्यता मोठी, आणि अशी काडी अजून वाचू शकते. बूड काळं पडलेली काडी वरून टवटवीत असेल तर कुजलेला भाग पूर्ण कापून, आत स्वच्छ हिरवा-पांढरा गर दिसेपर्यंत वर या आणि नव्या मिश्रणात पुन्हा लावा.

पाण्यात रुजवायचं असेल तर

पाण्याला माझा विरोध नाही, मनीप्लांट, कोलियस, पुदिना, ट्रॅडेस्कँशिया यांना ते उत्तम. फक्त एखादं पेर पाण्यात बुडालेलं हवं आणि पान एकही नको. दर दोन-तीन दिवसांनी पाणी पूर्ण बदला. त्याचं खरं कारण प्राणवायू. बाटली गडद रंगाची घ्या. मुळं ३ ते ५ सेंमी झाली की लगेच कुंडीत हलवा. पाण्यात वाढलेल्या मुळांवर केशमुळं फारशी नसतात, त्यामुळे ती जितकी लांब होतील तितकी मातीत गेल्यावर अडखळतात. कुंडीत हलवल्यावर पहिले दहा-पंधरा दिवस नेहमीपेक्षा जास्त ओल ठेवा, मग हळूहळू कमी करा.

पानावरून रोप करण्याबद्दल एकच सावधगिरी. आफ्रिकन व्हायोलेट, जेड, स्नेक प्लांट, झीझी ही झाडं पानावरून नवं रोप देतात. झीझीला कित्येक महिने लागतात. मनीप्लांट आणि होयाचं पेर नसलेलं नुसतं पान मुळं धरतं, हिरवंही राहतं, पण त्यातून वेल कधी येत नाही, कारण कोंब यायला लागणारा डोळाच त्यात नसतो. पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट पानाच्या तुकड्यावरून लावला तर नवं रोप साधं हिरवं येतं. पिवळा काठ हवा असेल तर मूळ कंदाचा भाग विभागूनच लावा. जेडसारख्या मांसल झाडांना मात्र वरचा सगळा नियम उलटा: काप तीन ते सात दिवस सुकू द्या, नंतर कोरडसर मिश्रणात ठेवा आणि झाकण बिलकुल नको.

मुळं आल्यानंतर

झाकण एकदम काढू नका. दमट हवेत तयार झालेल्या पानांची रंध्रं कोरड्या हवेत चटकन मिटत नाहीत, त्यामुळे मुळं असूनही रोप लुळं पडतं. पहिल्या दिवशी तासभर उघडा, रोज वेळ वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण काढा. मग छोट्या कुंडीत हलवा. मोठ्या कुंडीत न वापरलेली ओल साचून मुळं पुन्हा गुदमरतात. नवी वाढ नीट सुरू झाल्यावर पहिलं खत, तेही नेहमीच्या पाव प्रमाणात.

आता तुमच्या तीन झाडांबद्दल. जास्वंद वरच्या पद्धतीने जमेल, पाच-सहा काड्या एकाच वेळी लावा. गुलाबासाठी नुकतंच फूल गळून गेलेली, पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडा. काही जाती मुळातच काडीवरून फार कमी रुजतात, तेव्हा दोन-तीन वेगवेगळ्या जातींच्या काड्या लावून बघा. रबर प्लांटची काडी कापल्यावर चीक वाहणं थांबेपर्यंत बूड कोमट पाण्यात धुवा, एकच पान ठेवा आणि ते गुंडाळी करून रबरबँडने बांधा. पण रबर प्लांटसाठी माझं मत विचाराल तर काडी लावूच नका, गुटी कलम करा. झाडावरच शेंड्यापासून ३० सेंमी खाली, पेराच्या लगेच खाली, अडीच सेंमी रुंदीची साल गोल काढा, चीक पुसून पावडर लावा, त्याभोवती भिजवून पिळलेलं स्पॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) मूठभर गुंडाळा आणि प्लास्टिकने दोन्ही टोकं घट्ट बांधा. फांदीला वरपर्यंत पाणी मिळत राहतं, त्यामुळे पानं सुकण्याचा प्रश्नच येत नाही. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून मुळं दिसायला लागतात. ती मॉसभर पसरली की त्याच्या खालून फांदी कापा आणि मॉससकट कुंडीत लावा.